विलायतेत पूर्वज शोधायला चाललात? पहिला दिवस झोपाळलेलाच जाऊ द्या

बऱ्याच घरांत हे असंच सुरू होतं. कुलवृत्तांतात नाहीतर आजीच्या वहीत एकच ओळ असते, 'बॅरिस्टरीसाठी विलायतेस गेले' किंवा 'विलायतेस असता वारले', आणि त्या फांदीवर पुढे सगळं कोरं. मग घरातलं कोणीतरी रिटायर होतं, किंवा भाची लंडनला शिकायला जाते आणि राहायची सोय होते, तिकीट निघतं, आणि निघायच्या तोंडावर मला मेसेज येतो की पहिल्या दिवशी आधी कुठे जाऊ, क्यूला, म्हणजे लंडनच्या क्यू भागातल्या सरकारी दप्तरखान्यात, की ब्रिटिश लायब्ररीत. माझं उत्तर ठरलेलं आहे. वाचायला कुठेच जाऊ नका.

उगाच नाही म्हणत. जुनी रजिस्टरं म्हणजे हाताने लिहिलेली, तिरक्या अक्षरातली, कुठे शाई उडालेली, आणि त्यात आपली नावं कुठल्यातरी इंग्रज कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली. ताज्या डोक्यालाही ते जड जातं. झोप अर्धवट असली की डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं, व्ही. आर. चं व्ही. के. होतं, १९११ चं १९१७ होतं, आणि तुम्ही भलत्याच कुणाचे आजोबा घरी घेऊन येता. पण म्हणून तो दिवस हॉटेलच्या गादीवर घालवायचा असंही नाही, त्या अर्धवट झोपेत नीट होतात अशी बरीच कामं या शोधात असतात आणि ती त्याच दिवशी उरकली तर पुढचे दिवस मोकळे मिळतात. तर तो एक दिवस कसा घालवायचा तेवढंच सांगतो.

तिकीट काढतानाच वार बघा

क्यूचं नॅशनल अर्काइव्ह्ज रविवारी आणि सोमवारी बंद असतं. ब्रिटिश लायब्ररीच्या रीडिंग रूम रविवारी बंद. त्यामुळे जमलं तर रविवारी उतरा, म्हणजे सोमवार हा तुमचा झोपाळू दिवस होतो, त्या दिवशी लायब्ररीचा पास काढता येतो, क्यू बंद असल्यामुळे तिकडे पळायचा मोह होत नाही, आणि मंगळवारी ताजेतवाने क्यूला. फक्त तो सोमवार बँक हॉलिडे नाही ना ते बघून घ्या. मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार, ऑगस्टचा शेवटचा सोमवार, हे तीन तर ठरलेलेच, शिवाय ईस्टरचा सोमवार दरवर्षी हलतो.

निघायच्या आधी घरीच करायची कामं घरीच करा. मोडीतली पत्रं असतील तर ती वाचून देणाऱ्या माणसाकडून आधीच बाळबोधीत उतरवून घ्या, लंडनला कोण वाचून देणार आहे. कुलवृत्तांताचं ते पान आणि त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत नोंद असेल तर तिचा फोटो, हे सगळं मोबाइलमध्ये आणि एक प्रिंट. इंग्लंडमधल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी १ जुलै १८३७ पासूनच्या आहेत आणि त्यांचे दाखले ऑनलाइन मागवता येतात, त्यासाठी लंडनला जायची गरजच नाही, तिथला वेळ जे फक्त तिथेच मिळतं त्यासाठी ठेवा.

उतरल्या दिवशी फक्त एकच काम, तिथल्या रात्रीपर्यंत कसंबसं जागं राहणं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच करत नाही.

रात्री दोन-अडीच वाजता टक्क जाग

ही येणारच. मुंबई ते लंडन घड्याळ मागे जातं, तिथल्या उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच (मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे). म्हणजे लंडनला रात्रीचे दोन वाजलेत तेव्हा शरीराच्या हिशोबाने सकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेत, ते उठणारच. आणि संध्याकाळी सहाला त्याच्या मते रात्रीचे साडेदहा-साडेअकरा, म्हणून तेव्हा मान टाकाल. मेंदूतलं हे घड्याळ दिवसाला साधारण तासभर, जरा जास्तच सरकतं, म्हणजे पूर्ण रुळायला तीन ते पाच दिवस. त्यातल्या त्यात बरं म्हणजे आपण पश्चिमेला चाललोय. माणसाचं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त वेळाचं असतं, त्यामुळे त्याला दिवस लांबवणं सोपं जातं आणि आखडणं अवघड. परत घरी आल्यावर जास्त त्रास होतो तो यामुळेच.

आता जाग आली की लाइट लावू नका. हे मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक जण उठतात, खोलीतले सगळे दिवे लावतात आणि पडदा सारतात. त्या वेळचा प्रखर उजेड शरीराला सांगतो की सकाळ झाली, बरोबर आहेस तू, आणि घड्याळ आणखी चुकीच्या दिशेला ढकलतो. आपल्याला उजेड हवाय तो संध्याकाळी. तर पहाटे मंद दिवा, मोबाइलचा ब्राइटनेस खाली, आणि जूनमध्ये गेलात तर पडदे घट्ट ओढलेले, कारण तेव्हा लंडनला पावणेपाचलाच सूर्य उगवतो. अर्धा तास पडून बघा झोप येते का. नाही आली तर उठा आणि कागद-पेन्सिल घ्या, कारण या वेळेला करायचं एक फार चांगलं काम आहे.

नावांची यादी

तुमचे पणजोबा किंवा पणजोबांचे भाऊ, जे कोणी असतील ते, इंग्रजी कागदात किती वेगवेगळ्या प्रकारे लिहिले गेले असतील ते सगळे प्रकार एका कागदावर काढायचे. हे कंटाळवाणं आहे, घड्याळाकडे न बघता करायचं आहे आणि याला हुशारी लागत नाही, म्हणजे पहाटे तीनसाठी अगदी बरोबर.

'व' साठी डब्ल्यू आणि व्ही दोन्ही, वासुदेवचं दोन्हीकडे शोधायचं. आडनावाच्या शेवटचा 'कर' जुन्या कागदांत के-यू-आर असाही सापडतो. शेवटचा 'ए', म्हणजे रानडे, गोखले, काळे यातला, कधी नुसता ई, कधी ए-वाय. परांजपे पी-वाय-ई लावून. 'ज्ञ' ला तर धरबंधच नाही, डी-एन, जी-एन, जे-एन, काहीही. 'ळ' चा एल होतो, 'ठ' आणि 'थ' एकच होतात. रामचंद्रचं चंदर होतं. पुढे, 'राव' हेच आडनाव समजलेलं असू शकतं, मग भास्करराव अमुक हे आर अक्षराखाली राव म्हणून बसलेले. किंवा वडिलांचं नाव हेच आडनाव. विनायक रामचंद्र गोडबोले असं लिहून दिलेलं असलं तरी कारकुनाने शेवटचा शब्द गाळला की ते झाले मिस्टर रामचंद्र. बोटीच्या यादीत तर बऱ्याचदा नुसतं मिस्टर, एक इनिशियल आणि आडनाव.

यात आणखी एक मोठी गोची आहे ती म्हणजे दत्तक. दत्तक गेलेल्या मुलाचं आडनाव बदलतं, वडिलांचं नाव बदलतं, कधी स्वतःचं पण बदलतं, आणि विलायतेला जायच्या आधी दत्तक झालं की नंतर यावर तुम्ही कोणतं नाव शोधायचं ते ठरतं. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं अशी दोन पूर्ण नावं, दोन्हींच्या वेगळ्या याद्या. जन्मतारखेवर फार विसंबू नका, शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेल्या तारखा आपल्याकडे घरोघरी आहेत, एक जूनला अर्धा महाराष्ट्र जन्मलेला आहे. घरच्या टिपणात शक असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला जन्म असेल तर ७९. शोधताना दोन-तीन वर्षं मागेपुढे धरूनच शोधायचं.

पाच-साडेपाचला घरी फोन

तुमच्या या अवेळी जागण्याचा खरा फायदा इथे आहे. लंडनला पहाटेचे साडेपाच म्हणजे घरी सकाळचे दहा किंवा अकरा, आंघोळी-पूजा झालेल्या, मोठी माणसं निवांत बसलेली. संध्याकाळी तुम्हाला वेळ मिळेल तेव्हा ती झोपलेली असणार. म्हणून फोन आत्ताच करा, आणि 'आत्या, त्यांच्याबद्दल काही आठवतं का' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'नाही रे बाबा, किती वर्षं झाली' हेच येतं. नेमकं विचारा. घरी त्यांना काय हाक मारायचे, नाना, बापू, काय? पत्रं यायची ती कोणाच्या नावावर? पैसे कोणी पाठवले, घरून की कुठल्या संस्थानाकडून स्कॉलरशिप होती? बोट कुठल्या कंपनीची असं कधी ऐकलंय का? परत आले तेव्हा प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं का? हा शेवटचा प्रश्न विचारला की बाकीच्या गोष्टी आपोआप निघतात, कारण त्यावरून घरात भांडण झालेलं असतं आणि माणसाला भांडणं बरोबर लक्षात राहतात. शक्यतो रेकॉर्डिंगला लावा, विचारून.

नऊ-दहा वाजता बाहेर, पासच्या कामाला

ब्रिटिश लायब्ररी यूस्टन रोडवर आहे, किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्टेशनवरून चालत जाता येतं, लाल विटांची मोठी इमारत, अंगणात न्यूटनचा वाकून बसलेला ब्राँझचा पुतळा. इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स इथे आहेत, ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली निघाली तेव्हापासून १९४७ पर्यंतचे कागद, आणि ते शेल्फवर लावले तर १४ किलोमीटर भरतात. हा आकडा अशासाठी सांगितला की 'जाऊन बघू काय मिळतंय' असं तिथे चालत नाही. काय हवंय त्याचा नंबर घेऊन जावं लागतं, आधी मागवून ठेवावं लागतं. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला आणि तिथल्या बऱ्याच ऑनलाइन सोयी बंद पडल्या, मग टप्प्याटप्प्याने परत आल्या, त्यामुळे त्याआधी कोणी लिहून ठेवलेल्या सूचना तशाच पाळू नका, निघायच्या आठवड्यात त्यांच्याच साइटवर बघा.

आज तिथे फक्त पास काढायचा. फॉर्म, ओळखीचा कागद, पत्त्याचा कागद, फोटो, झालं. हे रांगेतलं काम झोपाळू माणसाला उत्तम जमतं. तिसऱ्या मजल्यावरची एशियन अँड आफ्रिकन स्टडीजची रीडिंग रूम हवं तर आत डोकावून बघा, कुठे बसायचं, सामान कुठे ठेवायचं, काउंटर कुठे, आणि बाहेर या. एखादी फाइल मागवायची असेल तर ज्या दिवशी इथे वाचायला येणार त्या दिवसासाठी मागवून ठेवा. मग खालच्या मजल्यावर फिरा, पासशिवाय बघता येणारं प्रदर्शन आहे, आणि इमारतीच्या मधोमध काचेचा उंच मनोरा आहे ज्यात तिसऱ्या जॉर्ज राजाची पुस्तकं ठेवलीयेत. तासभर पुरे.

कोणी म्हणेल एवढं आत शिरलोच आहोत तर एक रजिस्टर बघून घेऊ. नको.

आता पत्त्याकडे

माझ्या मते या दिवसाचं मुख्य काम हे, आणि बहुतेक लोक हे शेवटच्या दिवशी बॅगा भरता भरता उरकतात किंवा राहूनच जातं. तुमच्या माणसाचा एक तरी पत्ता घरून निघतानाच हाताशी ठेवा. पत्ता मिळायच्या जागा म्हणजे घरची जुनी पाकिटं, नाहीतर बोटीची यादी, नाहीतर बॅरिस्टरी करत असतील तर त्यांच्या इनचं, म्हणजे बॅरिस्टरीच्या संस्थेचं, रजिस्टर, नाहीतर जनगणना.

बोटीच्या याद्या म्हणजे क्यूची बीटी २६ ही मालिका, १८७८ ते १९६० मध्ये इंग्लंडला आलेल्या प्रवाशांची, अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर स्कॅन केलेली आहे. जाणाऱ्यांची बीटी २७, १८९० ते १९६०, ती फाइंडमायपास्ट या तसल्याच साइटवर. १९२० नंतरच्या काळातलं एखादं पान उघडून बघा. मोठा छापील तक्ता, वर बोटीचं नाव, कंपनी, बंदराची तारीख. खाली ओळीने नाव, कुठे चढले, क्लास, वय, धंदा, आणि एका रकान्यात इंग्लंडमध्ये कुठे उतरणार तो पत्ता. धंद्याच्या रकान्यात 'स्टुडंट', आणि पत्त्याच्या रकान्यात चारपाच मुलांचा मिळून एकच पत्ता, खाली खाली नुसत्या 'डिट्टो'च्या खुणा. ती पोरं एकत्र आली होती हे तिथे कळतं, आणि मग त्या बाकीच्यांच्या घराण्यांतही विचारता येतं. तुमचं माणूस यादीत नसेल तर लगेच निराश होऊ नका, मुंबईहून निघालेले पुष्कळ प्रवासी फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात उतरून तिथून रेल्वेने लंडनला यायचे म्हणजे समुद्राचे काही दिवस वाचायचे, आणि युरोपातून आलेल्यांची नोंद या याद्यांत नाही. जातानाची यादी मग जास्त कामाची.

बॅरिस्टरीच्या चार संस्था, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. बाबासाहेबांनी १९१६ साली ग्रेज इनमध्ये नाव घातलं ते हेच. यांच्या प्रवेशाच्या रजिस्टरात नुसतं नाव नसतं, अमुक गावच्या तमुकांचा थोरला मुलगा, तिसरा मुलगा असं वडिलांच्या नावासकट असतं, म्हणजे वंशावळीला जे हवं तेच. इनर टेंपलचा १५४७ ते १९४० चा डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे, मिडल टेंपलचीही रजिस्टरं ऑनलाइन बघता येतात, हे घरूनच करून ठेवा. जनगणनेतली १९ जून १९२१ ची आपल्या कामाची, तेव्हा लंडनला असलेला विद्यार्थी ज्या घरात राहत होता त्या घरमालकिणीच्या नावाखाली सापडायला हवा. १९३१ ची जळून गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, मधे आधाराला एकच, २९ सप्टेंबर १९३९ ला केलेलं रजिस्टर.

पत्ता हातात आला की दोन गोष्टी तपासा, मगच बस पकडा. एक, रस्त्याचं नाव. लंडनमध्ये एकाच नावाचे इतके रस्ते होते की १९३० च्या दशकात लंडन काउंटी कौन्सिलने शेकड्यांनी नावं बदलली, घरांचे नंबरही बदलले. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट आहे, नाव स्कॉटलंडचं असलं तरी लंडनचे जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणीचे, नकाशे तिथे आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात आणि पैसे पडत नाहीत. पाकिटावर नुसतं 'डब्ल्यू.सी.' किंवा 'एन.डब्ल्यू.' असेल आणि पुढे आकडा नसेल तर ते बहुधा १९१७ च्या आधीचं, कारण ते आकडे त्या वर्षी आले. दोन, बॉम्ब. दुसऱ्या महायुद्धातल्या पडझडीचे नकाशे काउंटी कौन्सिलने घरागणिक रंगवलेत, काळा म्हणजे पूर्ण गेलं, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, आणि तेही ऑनलाइन दिसतात. तुमच्या घरावर काळा रंग असेल तर तिथे गेल्यावर काय बघायचं ते आधीच माहीत असलेलं बरं.

मग जा. बसने जा, ट्यूबने नको, एकतर वरच्या मजल्यावर उजेड मिळतो आणि जमिनीखालच्या गरम डब्यात तुम्ही झोपणार हे नक्की. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच पडतं.

रस्त्यावर पोचल्यावर आधी समोरच्या फुटपाथवरून पूर्ण रांग बघा. ब्लूम्सबरी, बेझवॉटर, हॅमस्टेड या बाजूंना सलग एकासारखी एक घरं असतात, तीन-चार मजली, तळघराच्या खिडकीपुढे लोखंडी रेलिंग, दाराशी दोन खांब आणि खांबावर रंगवलेला नंबर. त्या रांगेत मधेच एखादी इमारत वेगळी दिसेल, विटा वेगळ्या, खिडक्या बसक्या, छत सपाट, तिथे जुनं घर पडून नवीन उठलंय असं समजायला हरकत नाही, नकाशाशी ताडून बघा. एका दारावर आठ-दहा बेल असतील तर जुन्या घराचे फ्लॅट झालेत. आपली पोरं बहुतेक वरच्या मजल्यांवरच्या भाड्याच्या खोल्यांत राहायची, छपरालगतच्या छोट्या खिडक्यांचाही फोटो घ्या. नंतर कोपऱ्यावरची रस्त्याच्या नावाची पाटी, सगळ्यात जवळचं स्टेशन, आणि तिथून त्यांच्या कॉलेजपर्यंत किंवा इनपर्यंत चालत किती वेळ लागतो ते. ही चाल शक्य असेल तर प्रत्यक्ष चाला, ऊन आणि हवा दोन्ही मिळते.

बेल मात्र वाजवू नका. आत राहणाऱ्या माणसाचा तुमच्या पणजोबांशी काही संबंध नाही, आणि तुम्ही तारवटलेल्या डोळ्यांनी दारात उभे. फारच वाटलं तर दोन ओळींची चिठ्ठी ईमेलसकट लेटरबॉक्समध्ये टाका, लोक कधीकधी खरंच कळवतात, घराची जुनी कागदपत्रं असलेले तर हौसेने.

घरच्या माणसाचा पत्ताच नसेल तर प्रिमरोज हिलजवळ १० किंग हेन्रीज रोडला जा, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते, महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर घेतलं. किंवा मेडा व्हेलला १० हाउली प्लेस, लोकमान्य १९१८-१९ मध्ये तिथे होते, दारावर पाटी आहे. त्या काळातला मराठी माणूस लंडनला कशा घरात आणि कशा गल्लीत राहायचा याचा अंदाज येतो. जुनी मराठी कुटुंबं कुठे भेटतील हे विचारायचं असेल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, पण तिथे आधी ईमेल करून वेळ घ्या आणि झोप झालेली असताना जा.

सैन्यातले पणजोबा असतील तर

थोडक्यात सांगतो, कारण इथे लंडन फार देत नाही. साध्या शिपायांची सेवापुस्तकं लंडनला पाठवली जात नव्हती, तिथे जास्त करून अधिकाऱ्यांचे कागद आहेत. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींपैकी बऱ्याच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या, तिथल्याच कूट गावाच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या होत्या, आणि तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. कामी आलेल्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर घरबसल्या शोधता येतं. क्यूला पलटणीच्या वॉर डायऱ्या आहेत, डब्ल्यूओ ९५, त्यात शिपायांची नावं क्वचित पण रोज पलटण कुठे होती, काय झालं हे सगळं. त्या वाचायला नीट दिवस लागतो, आजचा नाही.

दुपारी दोननंतर

इथून खरी परीक्षा. हॉटेलवर परत जाऊ नका, गादी दिसली की संपलं. फारच डुलकी येत असेल तर वीस मिनिटांचा अलार्म लावून बागेच्या बाकावर, आडवं न होता. दुपारनंतर कॉफी बंद करा, तिचा निम्मा अंश पाच तासांनीही अंगात असतो. लिंकन्स इन फील्ड्सची बाग सगळ्यांसाठी खुली आहे, आजूबाजूला सगळ्या बॅरिस्टरांच्या गल्ल्या, तिथे बसून दिवसभरातले फोटो नीट नावं देऊन ठेवा. या मुलांना परीक्षेइतकंच इनच्या हॉलमध्ये ठरावीक संख्येने जेवायला हजर राहणं सक्तीचं होतं, जेवणं मोजून टर्म धरायचे, सोवळ्यातल्या घरांतून गेलेल्यांनी काय केलं असेल हा विचार तिथे बसून करायला बरा आहे.

या दिवसात काहीही विकत घेऊ नका, ना दाखला, ना कुठल्या साइटची वर्षाची मेंबरशिप. क्यूच्या इमारतीत अ‍ॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट दोन्ही फुकट वापरता येतात, १९२१ ची जनगणना पण, आणि नुसतं कॉम्प्युटरवर बघायला तिथे रीडर्स तिकीट, म्हणजे वाचकाचं कार्ड, तेही लागत नाही. आणि 'सापडले!' असं फॅमिली ग्रुपवर टाकू नका. एकदा तिथे पडलं की मागे घेता येत नाही, चुलत घराण्यांपर्यंत जातं आणि पुढच्या कुलवृत्तांतात छापून येतं. वहीत 'बहुधा' असं लिहा, आणि कशावरून ते शेजारी.

संध्याकाळी उन्हात राहा. उन्हाळ्यात हे सोपं आहे, जूनमध्ये सव्वानऊपर्यंत सूर्य असतो, प्रिमरोज हिलवर चढून बसा. डिसेंबरात चारच्या आतच मावळतो, मग भरपूर दिव्यांच्या ठिकाणी, एखाद्या उशिरापर्यंत उघड्या म्युझियममध्ये नाहीतर दुकानांत वेळ काढा. मेलाटोनिनच्या गोळ्या तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे त्यावर भिस्त नको, आणि इन्शुलिन वगैरे चालू असेल तर वेळा कशा बदलायच्या ते निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून आणा. नऊ वाजेपर्यंत तग धरा, साडेनऊ झाले तर उत्तमच.

झोपायच्या आधी उद्याची पिशवी. पेन चालत नाही, पेन्सिली घ्या, दोन-तीन, टोक केलेल्या. मोबाइल पूर्ण चार्ज, कारण कागदांचे फोटो स्वतःच काढायचे असतात आणि क्यूला त्याचे पैसे लागत नाहीत. नावांची ती पहाटेची यादी, वंशावळीचं एक पान. क्यूच्या रीडर्स तिकिटाचं ऑनलाइन रजिस्ट्रेशन झालं नसेल तर आत्ता करा, आणि सोबत नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे मूळ कागद, मोबाइलवरचा फोटो दाखवून भागत नाही. पासपोर्ट तर जवळ असतो, पत्त्याचा कागद मात्र नेमका मोठ्या बॅगेच्या तळाशी असतो, तो आत्ताच वर काढून ठेवा. क्यू गार्डन्स स्टेशन डिस्ट्रिक्ट लाइनवर आहे, उतरून दहा मिनिटं चालायचं. परत पहाटे तीनला जाग आलीच तर आजचे फोटो बघत बसा, पण दिवा लावू नका.